उपाशी की जन्माचे बुटके? व्हर्चेल्लीच्या भातमातीतल्या तीन जिवाणूंचं प्रकरण

चिमूटभर माती पाण्यात ढवळून, अ‍ॅक्रिडीन ऑरेंजसारखा चमकणारा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरली, तर पुस्तकातले जिवाणू भेटतीलच असं नाही. पुस्तकात दोन-तीन मायक्रोमीटर लांबीचे ऐटदार दांडके असतात. इथे नुसते ठिपके. त्यातले बरेचसे ०.३-०.४ मायक्रोमीटरचे, म्हणजे साध्या प्रकाशावर चालणाऱ्या मायक्रोस्कोपला जेमतेम वेगळे ओळखू येणारे. चिकणमातीचा कण व्याख्येनेच २ मायक्रोमीटरपेक्षा बारीक धरतात. तेव्हा हे जिवाणू मातीच्या कित्येक कणांहूनही लहान. रंग दिला नाही, तर कोणता ठिपका जिवंत आणि कोणता मातीचा, हे सांगताना अनुभवी माणूसही अडखळतो.

१९७२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत लेस्टर कॅसिडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या पेशी सुट्या करून, त्यांना वाढवण्याच्या भानगडीत न पडता, थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पाहिल्या. बहुसंख्य पेशी ०.३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक निघाल्या. ‘ड्वार्फ सेल्स’, बुटक्या पेशी, असा त्यांचा उल्लेख होऊ लागला आणि प्रश्न उभा राहिला: हे एवढे लहान का?

उत्तरं दोन होती आणि दोन्ही पटण्यासारखी होती.

पहिलं उत्तर उपासमारीचं. माती म्हणजे खाण्याची चंगळ, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मातीतला बराचसा कार्बन ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजून उरलेल्या सेंद्रिय पदार्थात, किंवा चिकणमातीला चिकटून अडकलेला असतो आणि जिवाणूच्या वाट्याला फाके फार येतात. उपाशी जिवाणू आकसतो, याला पुरावेही भक्कम होते. ऑरेगनमध्ये रिचर्ड मोरिता यांच्या प्रयोगशाळेत अंटार्क्टिक समुद्रातला व्हिब्रिओ जातीचा एक जिवाणू, अँट-३००, उपाशी ठेवला गेला. त्याची संख्या आधी चक्क वाढली. खाणं नसताना वाढ कुठली? पेशी मोठ्या न होताच विभागत राहिल्या आणि मागे उरले बारीक गोळे. मातीतला आर्थ्रोबॅक्टर तर भरभराटीत दांडका आणि वाढ थांबली की गोळा, अशी दोन रूपं नेहमीच घेतो. तेव्हा मातीतले बुटके म्हणजे चांगल्या अंगापिंडाचे जिवाणू, फक्त वाईट दिवसांतले, हे म्हणणं सोपं होतं.

दुसरं उत्तर असं की हे मुळातच लहान आहेत. बाप लहान, मुलं लहान, पोटभर खाल्लं तरी लहानच.

नुसत्या फोटोवरून यातलं खरं कोणतं हे ठरत नाही. ०.३ मायक्रोमीटरचा ठिपका उपाशी असो वा खानदानी बुटका, दिसतो सारखाच. ठरवायचा मार्ग एकच: त्याला पकडा, एकटा वाढवा, भरपूर खायला घाला आणि पुन्हा मोजा. घोडं अडलं ते तिथेच, कारण हे बुटके प्रयोगशाळेतल्या खाद्याच्या प्लेटवर वाढायलाच तयार नव्हते. १९८७ साली नॉर्वेच्या लार्स बाकेन आणि रॉल्फ ओल्सेन यांनी हे आकड्यांत मांडलं. मातीतल्या पेशी त्यांनी आकारानुसार गटांत विभागल्या आणि प्रत्येक गटातल्या किती पेशी वसाहत करतात ते पाहिलं. ०.६ मायक्रोमीटरपेक्षा जाड पेशींपैकी ३० ते ४० टक्के वाढल्या, ०.४ ते ०.६ मधल्या सुमारे १० टक्के, आणि ०.४ पेक्षा बारीक पेशींपैकी फक्त ०.२ टक्के. पाचशेत एक. मातीतल्या बहुतेक बुटक्या पेशींना प्लेटवर वाढणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंची आकसलेली रूपं मानता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण हा नकाराचा पुरावा झाला. बुटका हातात कोणाच्याच नव्हता.

माती इटलीची, प्रयोगशाळा जर्मनीची

इटली म्हटलं की आपल्याला गहू आणि पास्ता आठवतो, पण उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात व्हर्चेल्ली नावाचं गाव आहे आणि त्याच्या चहूबाजूंना मैलोन्‌मैल भातखाचरं आहेत. १८६६ साली पुऱ्या झालेल्या कावूर कालव्याचं पाणी या भागाला मिळतं. रिसोत्तोचा तांदूळ याच मुलखातला. जर्मनीत मारबुर्गच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये भातशेतीतून निघणाऱ्या मिथेनवर वर्षानुवर्षं काम चाललं होतं आणि त्यासाठी लागणारी माती व्हर्चेल्लीहून येई. तिथे ती कुंड्यांत भरायची, पाणी सोडायचं, भाताची रोपं लावायची. घरातल्या घरात एक छोटं खाचर तयार.

पाणी साचलेल्या मातीत काय होतं हे कोकणातल्या कोणालाही ठाऊक आहे, नाव माहीत नसलं तरी. चिखलणी करून लावणी झाली की थोड्याच काळात वरचा काही मिलिमीटरांचा थर तेवढा तपकिरी राहतो. खाली बोट खुपसलं तर निळसर करडा चिखल हाताला लागतो आणि कुजका वास येतो. ऑक्सिजन संपलेला असतो. श्वासासाठी ऑक्सिजनवर अवलंबून असलेले जिवाणू मागे पडतात आणि किण्वन करणाऱ्यांचा, म्हणजे साखर फोडून तिची आम्लं करणाऱ्यांचा, हंगाम सुरू होतो. गवताचा, पेंढ्याचा, मेलेल्या मुळांचा स्टार्च, पेक्टिन, झायलन अशा साखरेच्या लांब साखळ्यांचे तुकडे पाडून त्यावर ही मंडळी जगतात.

मारबुर्गच्या पीटर यान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न साधा होता: या चिखलात साखर खाणारे जिवाणू नेमके कोणते, आणि किती? बुटके शोधायला ते निघालेच नव्हते. निदान त्यांच्या निबंधाच्या मांडणीवरून मला तसं वाटतं.

पातळ करत जाण्याची युक्ती

नेहमीची पद्धत अशी: माती पौष्टिक माध्यमात टाकायची आणि जे उगवेल ते घ्यायचं. यात पंगतीचा न्याय लागतो. भराभर जेवणारे दोन-चार जण पान साफ करतात आणि मागून सावकाश येणाऱ्याला काही उरत नाही. मातीत तो सावकाश येणारा संख्येने जास्त असला तरी नळीत त्याचं नावही दिसत नाही.

पातळ करत जाण्याची पद्धत, डायल्यूशन कल्चर, हा न्याय उलटा करते. एक भाग माती नऊ भाग द्रवात. त्यातला एक भाग पुढच्या नऊ भागांत. असं करत सहाव्या-सातव्या नळीपर्यंत जायचं. प्रत्येक पायरीला जिवाणू दहापट विरळ होतात. मातीत एका ग्रॅमला हजारच असलेला चपळ जिवाणू चौथ्या पायरीलाच बहुधा गळतो. लाखांनी असलेला मात्र पाचव्या नळीतही एकदोन पेशींच्या रूपात शिल्लक राहतो. आता त्याला स्पर्धाच नाही. तो पाहिजे तेवढा वेळ घेऊ शकतो. शेवटची ज्या नळीत वाढ दिसते ती नळी दोन गोष्टी एकदम सांगते: मातीत कोण जास्त आहे, आणि साधारण किती आहे.

हे सगळं ऑक्सिजन वगळून करायचं असतं, म्हणून रबरी बुचं, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, सिरिंजने टोचून द्रव घेणं-देणं. काम किचकट आहे. इथे घाई करणाऱ्याच्या हाती तेच ते नेहमीचे, भराभर वाढणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू लागतात.

अशा नळ्यांतून मारबुर्गच्या गटाला तीन नवे वाण मिळाले. १९९७ साली ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्यांची मोजता आलेली संख्या कोरड्या मातीच्या एका ग्रॅममागे १ लाख २० हजार ते ७ लाख ३० हजार. आणि तिन्ही बुटके. एका पेशीचं सरासरी घनफळ ०.०३ ते ०.०४ घन मायक्रोमीटर. रुंदी सुमारे ०.३५, लांबी सुमारे ०.५ मायक्रोमीटर धरली तर हिशेब जुळतो. आतड्यातल्या ई. कोलायची पेशी साधारण १ घन मायक्रोमीटरची मानली, तर तिच्या पोटात हे पंचवीस-तीस मावतील. मी गंमत म्हणून आणखी एक गुणाकार केला: एका ग्रॅम मातीतले वरच्या आकड्याइतके, ७ लाख ३० हजार, बुटके गोळा करून एकत्र दाबले तर ३० मायक्रोमीटर बाजूच्या घनातही थोडी जागा उरते. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी.

आता कसोटी. या तिघांना साखर कमी मिळत होती म्हणून ते लहान राहिले का? जास्त साखर दिली. ते वाढले, संख्या वाढली, पेशीचा आकार तेवढाच राहिला. लहानपण हा त्यांचा स्थिर गुण होता, उपासाचा परिणाम नव्हता. अख्ख्या निबंधात मला हेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं, आणि ते सारांशात अर्ध्या ओळीत उरकलेलं आहे.

मायक्रोस्कोपखाली त्यांना ओळखायची एक खूणही होती. इतका लहान कण द्रवात असला की पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो जागच्या जागी थरथरतो. मेलेला जिवाणूही थरथरतो, मातीचा कणही. पण या पेशींना एकेक फ्लॅजेलम होता, एकच शेपटी, आणि ते पोहत होते. थरथर कुठेच पोचत नाही. पोहणारा ठिपका बघता बघता शेजारच्याला मागे टाकून नजरेच्या टप्प्यातून बाहेर जातो. लटकत्या थेंबाची स्लाइड करून हा फरक विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा आहे, कारण ‘हलतंय म्हणजे जिवंत’ हा गैरसमज पहिल्या वर्षापासून चिकटलेला असतो.

चिखलातला संसार

तिघेही साखर आणि साखरेच्या काही लांब साखळ्या एवढंच खात. साखरेतून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि सक्सिनेट काढत. हायड्रोजन जवळजवळ नाही. मिथेनच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. खाचरातलं मिथेन बनवणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, मुख्यतः दोन गोष्टींवर जगतात: एक अ‍ॅसिटेट, दुसरी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडची जोडी. आपले बुटके पहिल्या वाटेला थेट माल पुरवतात, दुसऱ्या वाटेला थेट जवळपास काहीच नाही. त्यांचं प्रोपिओनेट आणखी कोणीतरी फोडून अ‍ॅसिटेट आणि हायड्रोजन करतं, तेव्हा ते आडवाटेने दोन्हीकडे पोचतं.

दुसरी नोंद ऑक्सिजनची. किण्वनाखेरीज यांना दुसरं काही येत नाही, ऑक्सिजन वापरता येत नाही. पण त्याने ते मरतही नाहीत. हवेत असतो तेवढा ऑक्सिजन, ०.२ अ‍ॅटमॉस्फिअर, दिला तरी त्याच आम्लांचं तेच प्रमाण निघत राहिलं. मला हे भातखाचरात शोभणारं वाटतं. भाताचं मूळ आपल्या पोकळ ऊतींतून ऑक्सिजन खाली नेतं आणि थोडा आजूबाजूच्या चिखलात झिरपू देतं. शिवाय खाचर कधी ना कधी सुकतंच. ऑक्सिजनच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा जिवाणू इथे फार तर एक हंगाम काढेल. हा माझा तर्क आहे. निबंधाने फक्त सहनशीलता दाखवली.

लहान असण्याचा फायदा भूमितीत आहे. १ मायक्रोमीटर व्यासाच्या गोळ्यात घनफळाच्या मानाने पृष्ठभाग ६ असेल, तर ०.४ च्या गोळ्यात तो १५ होतो. अडीचपट. खाणं पातळ असेल तिथे पोट लहान आणि तोंड मोठं असणं परवडतं. जिथे मोठ्या जिवाणूला, आणि त्याला गिळणाऱ्या प्रोटोझोआला, म्हणजे मोठ्या एकपेशी जिवांना, शिरता येत नाही अशा फटीतही राहता येतं.

घराणं

जिवाणूंचं नातं ठरवायला वापरतात त्या १६एस आरआरएनएच्या जनुकावरून तपासलं तेव्हा तिघे व्हेरुकोमायक्रोबियालीस या शाखेत पडले. तेव्हा या शाखेतले वाढवता आलेले जिवाणू मोजकेच होते. १९८७ साली हाइन्झ श्लेस्नर यांनी वर्णन केलेला व्हेरुकोमायक्रोबियम स्पिनोसम त्यातला ठळक, आणि तो गोड्या पाण्यातला. त्याउलट मातीतून थेट काढलेल्या डीएनएमध्ये या शाखेच्या खुणा सारख्या दिसत होत्या. व्हर्चेल्लीच्या तिघांचा अगदी जवळचा नातलग होता जपानमधल्या भातमातीतून मिळालेला एक डीएनए क्रम, पीएडी७. जपानच्या बाजूला नुसता क्रम होता, जिवाणू नव्हता; इटलीच्या मातीतून त्याच घराण्यातला जिवंत सदस्य हाती आला. दोन खंडांतली भातखाचरं आणि एकच घराणं.

पुढे २००१ साली व्हर्चेल्लीच्याच भातमातीतल्या, त्याच फांदीवरच्या जिवाणूला ओपिट्यूटस टेर्री हे नाव मिळालं. तोही लहान गोळा, ०.४ ते ०.६ मायक्रोमीटरचा. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला तेव्हा तो सुमारे ५९ लाख ६० हजार अक्षरांचा निघाला. ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या के-१२ वाणाचा जीनोम ४६ लाख ४० हजारांचा. म्हणजे ई. कोलायपेक्षा कितीतरी लहान देहात त्याहून मोठी पोथी.

हे मला या प्रकरणाइतकंच विचार करायला लावतं. समुद्रातला पेलॅजिबॅक्टर लहान आहे तो सगळं सामान टाकून देऊन: जीनोम अवघा १३ लाखांचा. कोलोरॅडोतल्या रायफल इथल्या भूजलातून ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून आरपार गेलेले जिवाणू २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यांची पेशी तर ०.००९ घन मायक्रोमीटरची, आपल्या तिघांच्या चौथ्या हिश्शाएवढी. त्यांचे जीनोम १० लाखांच्या आसपास आणि जगण्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी स्वतः बनवायची सोय त्यांत नाही; ते बहुधा इतरांच्या आधाराने राहतात. व्हर्चेल्लीचे बुटके तसे नाहीत. ते नळीत एकटे वाढले. तेव्हा ‘अतिसूक्ष्म’ म्हणून एकाच टोपलीत टाकलेल्या या मंडळींचं लहानपण एका जातीचं नाही.

आणखी किती लहान होता येईल, यावर १९९८ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीने तज्ज्ञांची बैठक घेतली होती. निमित्त होतं मंगळावरून आलेल्या उल्केत जिवाणूंचे अवशेष दिसल्याच्या १९९६ च्या दाव्याचं. स्वतंत्र जगायचं तर डीएनए, प्रथिनं आणि ती बनवणारे रायबोसोम मावायला सुमारे २५० नॅनोमीटर, दोन्हीकडे ५० चा फरक धरून, एवढा व्यास हवाच, असं तिथे ठरलं. २५० नॅनोमीटरच्या गोळ्याचं घनफळ ०.००८ येतं. रायफलच्या पेशी त्या कुंपणाला घासून उभ्या आहेत. व्हर्चेल्लीचे तिघे कुंपणाच्या बरेच आत. त्याच सुमारास मुतखड्यातल्या ‘नॅनोबॅक्टेरिया’ची बरीच हवा झाली होती, ते कण जिवंत नसून खनिज आणि प्रथिनांची पुटं आहेत, हे नंतर दाखवलं गेलं. त्या गोंधळामुळे खऱ्या बुटक्यांकडेही काही काळ संशयाने पाहिलं गेलं असेल तर नवल नाही.

या प्रकरणातून काय मिळत नाही

मातीतले सगळेच बुटके जन्माचे बुटके आहेत, असं इथे सिद्ध झालेलं नाही. एका ग्रॅम मातीत मायक्रोस्कोपने मोजता येणाऱ्या पेशी साधारण अब्जाच्या घरात असतात. त्यातले हे सात लाख म्हणजे हजारात एकही नाही. उरलेल्यांत आकसलेले आर्थ्रोबॅक्टर असतील, मेलेले असतील, आणि अजून कोणाच्याच नळीत न आलेले असतील. बाकेन-ओल्सेन यांचा ०.२ टक्क्यांचा आकडा तसाच उभा आहे. ‘असे जिवाणू असू शकतात का’ याचं उत्तर मिळालं. ‘किती’ याचं नाही.

घराण्याबद्दल मात्र आकडे पुढे बदलले. २०११ साली वेगवेगळ्या १८१ ठिकाणच्या मातीचा अभ्यास झाला, त्यात १८० ठिकाणी व्हेरुकोमायक्रोबिया, म्हणजे याच शाखेतले जिवाणू, सापडले आणि जिवाणूंच्या एकूण डीएनए क्रमांत त्यांचा वाटा सरासरी २३ टक्के निघाला. आधीच्या मोजण्यांत ते कमी दिसत होते, कारण जनुक हुडकायला वापरले जाणारे डीएनएचे छोटे तुकडे, प्रायमर, या शाखेच्या जनुकाला नीट चिकटतच नव्हते. अर्थात या शाखेतले सगळे बुटके नसतात, त्यामुळे हा आकडा बुटक्यांचा म्हणून सांगत सुटू नये.

आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेला कोकणातल्या किंवा भंडारा-गोंदियाच्या खाचरातली माती घेऊन हे करून पाहायचं असेल, तर महागडं यंत्र लागत नाही. ऑक्सिजन बाहेर ठेवता यायला हवा, नळ्या पुरेशा पातळ करायला हव्यात आणि इन्क्यूबेटरमधल्या स्वच्छ दिसणाऱ्या नळ्या आठवड्यात फेकून देण्याची सवय सोडायला हवी. यान्सेन यांनीच पुढे ऑस्ट्रेलियात पातळ माध्यमावर प्लेट्स कित्येक आठवडे ठेवून मातीतले अनेक अनोळखी जिवाणू वाढवले. पाणीतपासणीत वापरतात तो ०.४५ मायक्रोमीटरचा फिल्टर इथे निर्जंतुकीकरणासाठी वापरू नये, ०.३५ रुंदीची पेशी त्यातून पार होऊ शकते. पेशी मोजायच्या त्या वाढीच्या भरात असलेल्या ताज्या कल्चरमधून, आणि साखर कमी-जास्त करून दोन्ही वेळा. जुन्या, साखर संपलेल्या नळीतली पेशी मोजली, तर ती उपाशी होती की जन्माची बुटकी, हा वाद पहिल्यापासून घालावा लागेल.